चीक

सावद्यात मे महिन्यात तेलरंग काढू नयेत.
हे मला कुणी सांगितलं नाही.
सकाळी लावलेला निळा दुपारपर्यंत
दुधासारखी साय धरतो,
आणि विसरलेला ब्रश त्यात उभाच्या उभा.

कॅनव्हासही घरीच केलेला.
गादीवाल्याकडचं मांजरपाट, खळ जाईपर्यंत चार वेळा धुतलेलं,
वर सरस, खडूची पूड, चमचाभर जवसाचं तेल.
पहिला लेप भेगाळला
तापीकाठच्या काळ्या रानासारखा.
ही उपमा मी लगेच खोडली:
भेगा नुसत्या भेगा होत्या,
सरस जास्त झाला होता.
दुसऱ्यात सरस कमी केला, तर तो पापडासारखा
सोलून हातात आला.
तिसरा शहाण्यासारखा बसला,
आणि त्याच्यावर काय काढावं ते सुचेना.

नवरा म्हणाला, भिंतीला चुना मारल्यासारखं दिसतंय.
खरं होतं.

केळीच्या चिकाचं इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक:
डाग पडला की जात नाही.
लग्नात आईनं बजावलं होतं,
मळ्यात जाताना नवं लुगडं नको.
मला ते पंचवीस वर्षांनी
दुसऱ्या बाजूनं ऐकू आलं.
जात नाही. म्हणजे पक्का रंग.

वाटीत चीक पाण्यासारखा.
काढताना काही म्हणजे काही दिसत नाही,
हातानं सांगायचं आणि आपण मान डोलवायची.
तिसऱ्या दिवशी चहाचा ओघळ,
आठव्या दिवशी कात.
पापडखाराचं पाणी दिलं की तांबूस होतो,
गंजक्या खिळ्यांचं दिलं की काळा,
असा काळा की ट्यूबमधला त्याच्यापुढे
पुसलेल्या पाटीसारखा.
लिंबू पिळलं तर मागे सरतो, पण रुसून.
वहीत सगळं लिहिलं: तारीख, ऊन किती,
बसराईचा की ग्रँड नैनचा, दांड्याचा की पानाचा.
लिहिताना वहीवर थेंब पडत गेले.
सगळ्यांत बरे तेच उमटले.

मेहरबान तडवी वीस वर्षं घड वाहतो.
त्याचा सदरा वखारीच्या खुंटीवर पाहिला.
मूळचा आकाशी असणार, काखेत अजून होता.
पाठीवर थर, थरावर थर,
मधून घामाच्या मिठाची पांढरी किनार,
आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा
निदान आठ वर्षांनी म्हातारा.
एवढा धीर मी
कुठल्याच लेपाला दिला नव्हता.

नवा सदरा घेऊन दिला, जुना मागून आणला.
उसवला. चौकटीवर ताणला. बारीक चुका ठोकल्या.
ब्रश धुऊन ठेवले आणि दोन दिवस
नुसती समोर बसून राहिले.
एक रेघ मारावीशी वाटली. मारली नाही.
मग मारली, कॉलरच्या खाली, पिवळी.
तीही चूक.

रविवारी दिवेलागणीला तो दारात.
"ताई, माहा सदरा द्या. उद्या कटाई हाये."
"नवा दिला ना?"
"नवा कसा घालू? चीक लागीन न त्याले."

मी एकेक चूक उपटून काढली.
हातशिलाई केली, वाकडी, शाळेत पोरी करतात तशी.
कडेनं बारीक भोकं राहिली ती राहिली.
त्यानं पिवळी रेघ बोटानं चाचपली.
"हे धुतल्यावर जाईन का?"
मी म्हटलं, माहीत नाही.
हेच खरं उत्तर होतं,
आणि वर्षभरात मी दिलेलं पहिलं.

आता चौकट रिकामी आहे.
तिच्यातून मागची भिंत दिसते, चुन्याची.
बुधवारी वखारीकडून गेले तेव्हा
ट्रक भरणं चालू होतं. तो पाठमोरा.
रेघेचं एक टोक तपकिरी धरू लागलं होतं,
की मला दुरून तसं वाटलं.
घरी येऊन तारीख तेवढी लिहून ठेवली.